खाटेपासून संडासापर्यंत

रुग्णालयात माणूस कुठे पडतो असं विचारलं, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ओली फरशी नाहीतर जिना येतो. खरं तर जिन्यावर पडणारे रुग्ण फार थोडे. बरेचसे पडतात ते आपल्याच कॉटजवळ, किंवा कॉट आणि संडास यांच्यामधल्या आठ-दहा पावलांत. बहुतेक वेळा बघायला कोणी नसतं. औषधाच्या गुंगीत असलेला, पायांत जोर नसलेला, चष्मा न सापडलेला माणूस मध्यरात्री लघवीला उठतो. बेल दाबायला संकोचतो, कारण सिस्टर आधीच धावपळीत आहेत हे त्याने संध्याकाळपासून पाहिलेलं असतं. मग तो एकटाच निघतो.

एकट्या इंग्लंडमधल्या रुग्णालयांत वर्षाला असे सुमारे अडीच लाख प्रसंग नोंदले जातात. पडणाऱ्या तीन-चार जणांत एकाला काही ना काही इजा होते. बहुतेकांची ती खरचटण्यावर भागते, पण काहींचं खुब्याचं हाड मोडतं आणि काहींच्या मेंदूत रक्तस्राव होतो. न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या आजी न्यूमोनियातून बऱ्या होतात आणि मोडलेल्या खुब्यामुळे महिनाभर अडकून पडतात. हाड मोडलं नाही तरी मनात भीती बसते. एकदा पडलेला माणूस पुढचं पाऊल टाकताना हात शोधू लागतो, मग चालणंच कमी करतो, आणि चालणं कमी झालं की पाय आणखी दुबळे होतात.

या प्रश्नाकडे बघण्यासाठी आयर्लंडमधलं ड्रोहेडा हे गाव सोयीचं आहे. डब्लिनच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, बॉइन नदीच्या मुखाजवळ ते वसलं आहे. इतिहासाच्या पुस्तकांत बॉइनचं नाव 1690 च्या लढाईमुळे येतं. आपल्याला त्या लढाईशी कर्तव्य नाही. आपल्याला हवं आहे ते गावातलं ‘अवर लेडी ऑफ लूर्ड्स’ रुग्णालय, आणि ते उभं केलं एका परिचारिकेने. मेरी मार्टिन ही 1892 साली जन्मलेली आयरिश मुलगी पहिल्या महायुद्धात स्वयंसेवी परिचारिका म्हणून माल्टा आणि फ्रान्समध्ये राबली. 1937 साली तिने नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टमध्ये ‘मेडिकल मिशनरीज ऑफ मेरी’ हा जोगिणींचा संघ स्थापन केला. 1939 च्या सुमारास या जोगिणी ड्रोहेडात आल्या आणि त्यांनी एक लहानसं प्रसूतिगृह काढलं. त्यातूनच 1957 साली मोठं रुग्णालय झालं, आणि आफ्रिकेत जाणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांचं शिक्षणही तिथेच होऊ लागलं. 1997 साली जोगिणींनी ते सरकारी आरोग्य मंडळाकडे सोपवलं. आज आयर्लंडच्या ईशान्य भागात, म्हणजे लाउथ, मीथ, कॅव्हन आणि मोनाहन या काउंट्यांत, कोणी पडून हाड मोडलं की रुग्णवाहिका बहुधा ड्रोहेड्याचीच वाट धरते. तिथल्या वॉर्डांत आता भारतीय परिचारिकाही आहेत. त्यांत केरळच्या मुली सर्वांत जास्त, हे वेगळं सांगायला नको.

आयर्लंडमध्ये साठी उलटलेल्यांचे खुबे मोडण्याचे साडेतीन हजारांहून अधिक प्रसंग दर वर्षी घडतात. 2012 पासून त्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. अशा रुग्णावर काय काय व्हायलाच हवं, याची मानकं ठरलेली आहेत. वेळेत शस्त्रक्रिया आणि हाडांच्या ठिसूळपणावर उपचार तर आहेतच. पण ‘हा माणूस मुळात पडला का’ याची तज्ज्ञाकडून चौकशी, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभं करणं, हीही त्यातलीच मानकं. 2018 पासून मानकं पाळली गेलेल्या प्रत्येक रुग्णामागे रुग्णालयाला 1000 युरो जादा मिळू लागले. खुबा जोडल्याच्या दुसऱ्या दिवशी उभं करायचं म्हटल्यावर आपल्याकडचे नातेवाईक अजूनही दचकतात. ‘अहो, टाके ओले आहेत, विश्रांती घेऊ द्या त्यांना!’

विश्रांतीवरचा हा विश्वास डॉक्टरांचाही होता. 1947 साली रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाला खिळवून ठेवण्याच्या धोक्यांवर एक खोचक लेख लिहिला. रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण, बद्धकोष्ठ, स्नायूंचा ऱ्हास, खचलेलं मन, असं डोक्यापासून पायापर्यंत काय काय बिघडतं ते त्याने मांडलं. पुढे 2007 मध्ये अमेरिकेत धडधाकट ज्येष्ठ स्वयंसेवकांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतली जवळजवळ एक किलो मांसपेशी गेली. ही निरोगी माणसांची गत, मग तापाने फणफणलेल्या, दोन घास कसेबसे खाणाऱ्या आजीचं काय होत असेल? 2009 च्या आणखी एका अभ्यासात चालता येणाऱ्या वृद्ध रुग्णांच्या पायांना नोंदयंत्रं बांधली, तेव्हा रुग्णालयातला 83 टक्के वेळ ते आडवेच असतात असं दिसलं.

खरी गोची इथेच आहे. रुग्ण पडू नये म्हणून सर्वांत सोपा उपाय कोणता? त्याला उठूच न देणं. कॉटचे कठडे वर करायचे, लघवीला नळी घालायची, ‘आजी, उठायचं नाही हं’ असं दर तासाला बजावायचं. आज ती पडणार नाही. पण आठवड्याने घरी जाईल तेव्हा स्वतःच्या स्वयंपाकघरात पडेल, आणि ती नोंद रुग्णालयाच्या वहीत होणार नाही. अमेरिकेत 2008 च्या ऑक्टोबरपासून सरकारी विम्याने असा नियम केला, की रुग्णालयात पडून झालेल्या इजेच्या उपचाराचे जादा पैसे मिळणार नाहीत. हेतू चांगला होता. पण वॉर्डावर त्याचा अर्थ सोयीने घेतला गेला. रुग्ण उठला की वाजणारे गजर खाटांना बसले आणि ‘जागचे हलू नका’चे फलक लागले. पडणं शून्यावर आणायचं असं वरून ठरलं, की खालचा माणूस चालणं शून्यावर आणतो. त्यात परिचारिकेचा दोष नाही, कारण तिला हिशेब पडण्याचाच द्यावा लागतो, चालण्याचा कोणी मागत नाही.

गजरांचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या सोळा विभागांत, सत्तावीस हजारांहून अधिक रुग्णांवर त्यांची रीतसर चाचणी झाली, तिचा निकाल 2012 साली आला. अर्ध्या विभागांत गजर वाढवले, अर्ध्यांत नाही. पडण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. गजर वाजतो तेव्हा माणूस उठलेला असतो, आणि सिस्टर तीन खाटा पलीकडे कोणाची तरी सलाईन बदलत असते. ऑस्ट्रेलियात याहून मोठा प्रयोग झाला. सहा रुग्णालयांतले चोवीस वॉर्ड, शेहेचाळीस हजारांवर दाखले, आणि सहा उपायांचं गाठोडं. सावधानतेची पाटी, बाथरूममध्ये सोबत, चालण्याचं साधन हाताशी, ठरल्या वेळी संडासला नेणं, अगदी जमिनीलगत येणारी कॉट आणि गजर. 2016 साली निकाल आला: पडणं कमी झालं नाही, इजाही कमी झाल्या नाहीत.

मग सगळं व्यर्थच का? तसं म्हणता येणार नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आठ पुनर्वसन विभागांत झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगाचा निकाल आदल्याच वर्षी आला होता. तिथे यंत्रं आणली नाहीत. प्रशिक्षित माणूस रुग्णाच्या शेजारी बसला आणि त्याच्याशी बोलला. तुम्हाला पडण्याचा धोका का आहे, कोणत्या वेळी आहे, तुम्ही स्वतः काय करणार, हे त्याच्याकडूनच वदवून घेतलं, आणि रुग्णाने काय ठरवलं ते परिचारिकांनाही कळवलं. हजार रुग्ण-दिवसांमागे पडण्याचं प्रमाण 13.78 होतं, ते 7.80 वर आलं. बॉस्टनच्या परिचारिका-संशोधक पॅट्रिशिया डाइक्स यांनीही याच दिशेचा तक्ता बनवला. रुग्णाचे धोके आणि त्यावरचे उपाय चित्रांनी खुणावलेला तो कागद रुग्ण, नातेवाईक आणि परिचारिका यांनी मिळून भरायचा आणि खाटेशी लावायचा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पडणं 15 टक्क्यांनी आणि इजा 34 टक्क्यांनी घटल्या. मला यातला ‘मिळून’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. सिस्टरने एकटीने भरलेला तक्ता फायलीत जातो. रुग्णाने स्वतः भरलेला त्याच्या ध्यानात राहतो. गोंधळलेल्या, भ्रमिष्ट झालेल्या रुग्णाला मात्र असं समजावून उपयोग नसतो, आणि पडणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असते. त्यांच्यासाठी माणूसच लागतो.

आणि माणूस म्हटला की खर्च आला. इथे ड्रोहेडा पुन्हा कामाला येतं. एका वॉर्डाला परिचारिका किती लागतात हे खाटांच्या संख्येवरून न ठरवता रुग्णांच्या गरजेवरून ठरवावं, अशी चौकट आयर्लंडच्या आरोग्य खात्याने आखली. कोणाला भरवावं लागतं, कोणाला दर दोन तासांनी संडासला न्यावं लागतं, कोण रात्री उठून चालू लागतो, यावरून रोज प्रत्येक रुग्णामागे शुश्रूषेचे तास काढायचे. 2016 साली ती चौकट आधी तीन रुग्णालयांतल्या निवडक वॉर्डांत वापरून पाहिली: डब्लिनचं ब्यूमाँट, लॉफलिन्सटाउनचं सेंट कोल्मकिल्स आणि ड्रोहेडाचं अवर लेडी ऑफ लूर्ड्स. नोंदणीकृत परिचारिका आणि मदतनीस यांचं प्रमाण ऐंशीला वीस ठेवायचं ठरलं. वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेला रुग्णांची वाटणी द्यायची नाही, तिने देखरेखच करायची, असाही नियम झाला. कॉर्कच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी परिणाम तपासले. त्यांनी मोजलेल्या गोष्टींत एक होती ‘राहून गेलेली शुश्रूषा’, म्हणजे करायची होती पण वेळेअभावी झाली नाही अशी कामं. ती कमी झाली, आणि एजन्सीमार्फत आयत्या वेळी बोलवावे लागणारे कर्मचारीही कमी लागले. 2018 साली हीच चौकट देशभरासाठी जाहीर झाली.

राहून जाणारी कामं कोणती असतात? इंजेक्शन राहत नाही, ते औषधांच्या तक्त्यावर असतं. राहतं ते रुग्णाला दोन फेऱ्या चालवून आणणं, त्याला खुर्चीत बसवून जेवायला देणं, ‘लघवीला जायचंय का’ हे विचारणं. म्हणजे पडणं टाळणारी नेमकी तीच कामं. पाश्चात्त्य रुग्णालयांत दर तासाच्या फेरीची पद्धत पडली आहे. फेरीत चार गोष्टी पाहायच्या: दुखतंय का, लघवी-संडासला जायचंय का, कूस नीट आहे का, आणि चष्मा, पाणी, बेल, काठी हाताशी आहेत का. चौथी बाब किरकोळ वाटते, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 साली रुग्णालयांतल्या पडण्याची राष्ट्रीय तपासणी झाली तेव्हा चालण्याचं साधन लागणाऱ्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या हाताशी ते नव्हतंच, आणि जवळजवळ पाचांतल्या एकाचा हात बेलपर्यंत पोहोचत नव्हता. कॉटखाली झाडू मारायचा म्हणून वॉकर भिंतीला लावून ठेवलेला असतो. झाडून होतं, वॉकर तिथेच राहतो.

धोका मोजण्याच्या पट्ट्याही आहेत. जॅनिस मॉर्स यांनी 1980 च्या दशकात बनवलेली पट्टी आपल्याकडच्या एनएबीएच मान्यता घेतलेल्या रुग्णालयांतही दिसते. पूर्वी पडला असेल तर 25 गुण, सलाईन लावलेलं असेल तर 20, चाल बिघडलेली असेल तर 20. त्यात एक ओळ बारकाईने वाचावी अशी आहे. काठी, कुबड्या किंवा वॉकर वापरणाऱ्याला 15 गुण, पण टेबल-खुर्ची-भिंत धरत चालणाऱ्याला 30. म्हणजे काठी असणाऱ्यापेक्षा काठी हवी असून न घेणाऱ्याचा धोका दुप्पट धरला आहे. घराघरांत भिंतीला हात लावत चालणारे आजोबा असतात आणि ‘मला काठीची गरज नाही’ हे त्यांचं वाक्य ठरलेलं असतं. या पट्ट्यांवर फार विसंबू मात्र नये. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 सालीच सांगितलं, की गुणांवरून कोण पडेल याचं भाकीत करत बसू नका. पासष्टीपुढच्या प्रत्येक दाखल रुग्णाला धोका आहे असंच धरा आणि त्याच्या बाबतीत दुरुस्त करता येण्याजोगं काय आहे ते शोधा. गुणांची बेरीज करून पिवळा पट्टा मनगटाला बांधला की काम झाल्यासारखं वाटतं, हाच त्या पट्ट्यांचा तोटा.

दुरुस्त करता येण्याजोगं बरंच असतं. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या, लघवीचं औषध संध्याकाळी देणं, मोतीबिंदू, घरी राहिलेला चष्मा, मोठ्या मापाच्या सपाता. पण यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते उठण्याच्या रीतीकडे, म्हणून ती जरा सावकाश पाहू.

उताणा झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. तरुणाच्या रक्तवाहिन्या क्षणात आवळतात. म्हाताऱ्याच्या, मधुमेह्याच्या किंवा आठवडाभर आडव्या राहिलेल्याच्या आवळत नाहीत. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर तो धोक्याचा समजतात, आणि तो मोजायला झोपून एकदा नि उभं राहून एकदा, असा दोनदा दाब घ्यावा लागतो. आपल्याकडे तो बहुधा झोपूनच घेतला जातो. उठवताना आधी कॉट खाली आणायची, बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी. रुग्णाला आधी कुशीवर वळवायचं, मग पाय खाटेबाहेर सोडत कोपराच्या रेट्याने बसतं करायचं. हाताला धरून ओढायचं नाही, त्याने त्याचा खांदा दुखावतो आणि सिस्टरची कंबर. बसल्यावर थांबायचं. या थांबण्यालाच कोणाकडे वेळ नसतो. घोटे वरखाली हलवायला सांगायचं, चार शब्द बोलायचे. उत्तर अडखळत आलं, चेहरा पांढरा पडला, कपाळाला घाम आला, तर पुन्हा आडवं करायचं. सगळं ठीक असेल तर टाचा थोड्या मागे, छाती पुढे झुकवून, दोन्ही तळहात गादीवर रेटून उभं राहायचं. वॉकर पकडून स्वतःला वर ओढायचं नाही, तो पुढून उचलला जातो आणि माणूस मागे पडतो. उभं राहून झाल्यावरच हात वॉकरवर न्यायचे.

साधनाचं माप हा दुसरा दुर्लक्षित भाग. काठी घ्यायची तर रोजची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. मग मूठ धरल्यावर कोपर थोडं, वीस-तीस अंशांत, वाकतं आणि जोर देता येतो. उंच काठीने खांदा वर उचलला जातो, ठेंगणीने माणूस पुढे झुकतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हे ऐकून लोकांना पटतच नाही, दुखऱ्या बाजूलाच आधार हवा असं प्रत्येकाला वाटतं. पण चालताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे जातो. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात असली म्हणजे दोघं एकाच वेळी पुढे पडतात आणि भार वाटला जातो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. काठीच्या टोकाचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की ओल्या फरशीवर ती सरकते. बूच मेडिकलच्या दुकानात थोडक्यात मिळतं, तरी वर्षानुवर्षं तेच चालवलेलं असतं.

चार पायांचा ॲल्युमिनियमचा वॉकर आता इतका नेहमीचा झाला आहे, की तो कोणी तरी शोधला असेल हे मनातही येत नाही. 1949 साली इंग्लंडमधल्या स्ट्रेटफर्डच्या विल्यम क्रिब्स रॉब याने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. चाकांचा, ब्रेकचा, बसायला जागा असलेला रोलेटर त्यानंतर तीसेक वर्षांनी स्वीडनमध्ये आयना विफाल्क हिने बनवला. परिचारिकेचं शिक्षण घेत असतानाच तिला पोलिओ झाला होता. काठ्यांनी तिचे खांदे झिजले, तेव्हा 1978 साली तिने स्वतःसाठी हे साधन आखलं, आणि त्याचं पेटंट घेतलं नाही, म्हणजे ते सगळ्यांना मिळावं. दोन्हींत फरक आहे. बिनचाकी वॉकर उचलून पुढे ठेवावा लागतो. चाल थांबत-थांबत होते, पण आधार पक्का. रोलेटर ढकलत नेता येतो, मात्र ब्रेक आवळण्याचं भान असलेल्यालाच तो द्यावा. पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या पुढे तो पळू शकतो. शेजाऱ्याच्या वडिलांचा वापरून झालेला वॉकर आपल्या वडिलांना तसाच लावणं ही आपल्याकडची काटकसर. वॉकर वापरायला हरकत नाही, पण त्याच्या पायांची बटणं दाबून उंची बदलता येते हे बऱ्याच घरांत कोणाला ठाऊक नसतं.

कठड्यांविषयी थोडंसं. ते वर केले की नातेवाईकांना हायसं वाटतं. शुद्धीवर असलेला, पण अंगाने लुळा रुग्ण कुशीवरून घरंगळू नये यासाठी ते ठीक. गोंधळलेला आणि हातापायांनी चालता असलेला माणूस मात्र कठडा ओलांडतो आणि पडतो तेव्हा जास्त उंचीवरून पडतो. त्याच्यासाठी कॉट जमिनीलगत आणणं बरं.

एवढं करूनही माणसं पडतात. पडलेल्याला चारजणांनी काखेत हात घालून लगेच उचलणं ही आपली सहजप्रवृत्ती, आणि नेमकी तीच करायची नाही. आधी तो शुद्धीत आहे का, मान आणि पाठ दुखते का, एक पाय आखूड होऊन बाहेर वळलाय का (ही खुब्याच्या हाडाची खूण), ते पाहायचं. शंका असेल तर फळीवर घेऊन सपाट उचलायचं. डोकं आपटलं असेल, किंवा कोणी पाहिलं नसल्याने आपटलं नाही असं सांगता येत नसेल, तर पुढचे काही तास ठरावीक अंतराने डोळ्यांच्या बाहुल्या आणि शुद्ध तपासत राहायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. आयर्लंडमध्ये अशा प्रत्येक घटनेची नोंद राष्ट्रीय प्रणालीत करावी लागते आणि नातेवाईकांना उघडपणे सांगावं लागतं. ड्रोहेड्याला नोंदीचं मोल फार महागात पडून कळलं आहे. तिथल्या प्रसूती विभागात वर्षानुवर्षं होत आलेल्या अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया 1998 साली सुईणींनी आवाज उठवल्यावरच उघड झाल्या. न्यायमूर्ती मॉरीन हार्डिंग क्लार्क यांच्या 2006 च्या अहवालात त्या रुग्णालयातल्या गप्प बसण्याच्या सवयीवर पानंच्या पानं आहेत. रुग्ण पडणं ही त्यामानाने लहान बाब, पण तीही लपवणाऱ्या वॉर्डात दुसऱ्यांदा घडते. जिथे पडल्याबद्दल सिस्टरला मेमो मिळतो, तिथे रुग्ण ‘खाली बसलेला आढळला’ असं लिहिलं जातं.

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे आणि एका बाबतीत ते बरं आहे. इथे खाटेशेजारी माणूस असतो. सून, भाचा, गावाकडून आलेली बहीण, कोणी ना कोणी जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेलं असतं. आयरिश परिचारिकेला ज्या सोबतीसाठी जादा पगारी माणूस मागावा लागतो, ती आपल्याकडे फुकट मिळते. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं असलं, तरी सरकारी वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि भोवती भरलेल्या खाटा हे दृश्य नवं नाही, आणि तो तुटवडा नातेवाईकच भरून काढतात. पण त्यांना कोणी काही शिकवत नाही. आजोबांना उठवायचं कसं, हे सिस्टरने पहिल्या दिवशी पाच मिनिटं काढून दाखवलं, तर तिचेच पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतील. नाहीतर भाचा काखेत हात घालून ओढतो आणि दोघं मिळून पडतात. दुसरं असं, की सोबत स्त्री असेल तर आजोबा तिला लघवीचं सांगत नाहीत. ती डोळा लागून झोपली की उठतात. वॉर्डातल्या मामांनी रात्री एकदा आपणहून विचारलं तरी पुष्कळ झालं.

साधनं मिळण्याची सोयही वाढली आहे. 2017 पासून केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठ्या, कुबड्या, वॉकर, चष्मे मिळतात. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीपुढच्या, दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात साधनांसाठी एकरकमी 3000 रुपये जमा होतात. पैसे आले, दुकानातून काठी आली, पण ती मनगटाशी लावून पाहणारा आला नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्टने नुसतं काठ्या-वॉकरचं माप करून द्यावं, एवढ्याने त्या 3000 रुपयांचं चीज होईल असं मला वाटतं.

घरी सोडण्याचा दिवस आला की आयर्लंडमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट घराची चौकशी करते. जिना किती पायऱ्यांचा, संडास कोणत्या मजल्यावर, कमोड किती उंच. आपल्याकडे ही चौकशी घरच्यांनीच करावी लागते आणि ती डिस्चार्जच्या आदल्या दिवशी व्हायला हवी. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो. जुन्या इमारतींतल्या न्हाणीघराचं दारही तेवढंच, कधी त्याहून अरुंद. वॉकर दाराशी अडतो आणि म्हातारा माणूस तो बाहेर सोडून आत शिरतो, नेमका ओल्या फरशीवर आणि उंबरठा ओलांडून. म्हणून वॉकर घ्यायच्या आधी दार मापावं. बसत नसेल तर कमी रुंदीचा शोधावा, नाहीतर दाराच्या आत आणि कमोडशेजारी भिंतीत दांडे बसवून घ्यावेत. दांडा स्टीलचा आणि भिंतीत खोल स्क्रूने पक्का केलेला हवा. टॉवेल अडकवायची नळी माणसाचं वजन पेलत नाही. दांड्याची उंची रुग्णाला कमोडवर बसवून, त्याचा हात जिथे सहज जातो तिथे पेन्सिलने खूण करूनच ठरवावी. प्लंबरच्या अंदाजावर सोडू नये.